बिनफौजेचं राज्य

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,

नमस्कार. साष्टांग घालायला या खोलीत जागा नाही, तेव्हा उभ्यानेच घातलेला गोड मानून घे.

तू म्हणतेस तसं फोन न करता पत्र लिहितोय. फोनवर मी नुसता 'हो, हो' करतो आणि तुला काही कळत नाही, ही तुझी तक्रार रास्त आहे. पण आज पत्र लिहायचं खरं कारण वेगळं आहे. जे सांगायचंय ते तुझा आवाज ऐकत सांगायची माझी छाती नाही.

मी तुझ्या नावावर थाप मारून बसलोय.

आमच्या ऑफिसात बनतो तो खेळ तू रोज खेळतेस, त्यामुळे तुला नव्याने सांगायला नको. षट्कोनी घरांचा नकाशा, आधी एकाची पाळी, मग दुसऱ्याची, गावं वसवायची, रस्ते काढायचे. जिंकायच्या वाटा दोन. एक म्हणजे समोरच्याची सगळी शहरं काबीज करायची. दुसरी म्हणजे आपली गाणी, चित्रं, नाटकं अशी वाढवायची की समोरच्याच्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त माणसांना आपल्या राज्याची ओढ लागावी. पडद्यावर वर ती पिवळी पट्टी असते ना, ती अर्ध्याच्या पुढे सरकली की एकही मुडदा न पाडता डाव आपला. ही दुसरी वाट माझी आहे. कल्पना माझी, नियम माझे, आणि ते बसवताना डोक्यावरचे केस गेले तेही माझेच.

काल बैठकीत साहेब म्हणाले, "नव्या आवृत्तीतून ही वाट काढून टाकू. तिच्यावरून कुणी जिंकत नाही. गाणी-बजावणी करत बसलेल्यावर समोरचा चालून येतो आणि विषय संपतो. शोभेची वस्तू आहे नुसती." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हीच बसवलीत, तुम्हीच उपसून काढा. महिन्याभरात."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी नेहमीसारखा मान खाली घालून टेबलाच्या कडेचा पापुद्रा खरवडत बसलो होतो. आणि काय झालं कुणास ठाऊक, माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी आत्या जिंकते या वाटेने."

साहेब हसले. म्हणाले, "अस्सं? मग खेळू दे की तुमच्या आत्याला माझ्याशी. मी स्वतः बसतो. जिंकल्या तर वाट राहील. हरल्या तर तुम्ही निमूटपणे काढायची."

आत्या, तू आजवर एकदाही जिंकलेली नाहीस हे मला माहीत आहे. आता शिव्या दे, पण नाही म्हणू नकोस.

तुझा,
घुम्या


९ फेब्रुवारी

चि. घुम्यास,

आशीर्वाद आहेत, पण ते पत्राच्या शेवटी मिळतील. आधी कान पकड.

थापा मारायच्या तर माणसाने स्वतःच्या नावावर माराव्यात. म्हातारी आत्या काय फुकट सापडली? लहानपणी दादाच्या हातून कपबशी फुटली की तो असाच माझं नाव सांगायचा. बापाचे गुण नको तेव्हा बरे उफाळून येतात तुझ्यात.

तुझी आठवण बरोबर आहे. मी एकदाही जिंकलेले नाही. सगळ्यात जवळ गेले ती मागल्या वर्षी, आणि तेव्हासुद्धा त्या संगणकाच्या राजाने माझं बंदर लुटलं आणि पुढे माझा बोऱ्या वाजला. पण त्या डावात हरता हरता एक गंमत माझ्या नजरेला पडली होती, ती पुन्हा बघायची राहून गेलीये. असो.

तुमच्या सेनापतींना कळव, की आत्या खेळायला तयार आहे. तेही माझ्या लायब्ररीत, पुस्तकं देवघेवीच्या टेबलाशी बसून, सभासदांदेखत. आणि माझी अटही कळव. मी एकही सैनिक उभा करणार नाही. तट बांधणार नाही, तोफ ओतणार नाही, साधा पहारेकरी नेमणार नाही. तू म्हणशील, अगं, थोडी फौज ठेव, नियमात बसतं. बसत असेल. पण कमरेला तलवार लटकवून गाणं म्हटलं तर लोक गाण्याला मान डोलावतात की तलवारीला, हे कळायला मार्ग नाही. मला ते कळायला हवं. नुसत्या गाण्यावर राज्य चालतं की नाही, याचाच तर वाद आहे ना तुमच्यात?

तुझं मात्र मला नवल वाटलं. तू चारचौघांत तोंड उघडलंस! थाप मारायला का होईना. जेवत जा वेळेवर.

आता आशीर्वाद घे.

आत्या


१ मार्च

ती. आत्यास,

दंडवत. आज खरोखर घातला असता, इतकं तू ऑफिस ढवळून काढलं आहेस.

रोज चहाच्या वेळी साहेब माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसतात, मी साक्षीदार म्हणून मागे उभा. मला फक्त त्यांचाच पडदा दिसतो, तुझा नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी ती पिवळी पट्टी दिसणं बंद करून टाकलं. म्हणाले, "कशाला ती झालर? नकाशा झाकला जातो." ती पट्टी माझीच. पण बोलणार कोण?

तू कलाकृतींना जी नावं देतेस ती त्यांच्या पडद्यावर झळकतात. नाव द्यायची ती चौकट मी हौसेने ठेवली होती, पण आजवर सगळे 'चित्र पहिलं', 'चित्र दुसरं' असंच लिहीत आले. तुझं पहिलं चित्र आलं 'भिंतीची ओल', मग नाटक आलं 'भाडेकरू जात नाही', आणि परवा ते गाणं, 'कॅप्टनचा खोकला'. चित्रं काढणारी आमची मुलगी खुर्चीवरून पडायची राहिली. आता चहाच्या वेळी माझ्या टेबलाभोवती घोळका जमतो. आज काय नवीन आलं, असं कँटीनवालासुद्धा विचारून जातो.

पण आत्या, हसण्यावारी नेऊ नकोस. साहेबांनी सीमा बंद केल्या आहेत. सीमा बंद झाल्या की त्यांची माणसं तुझ्याकडे येऊ शकत नाहीत, तुझी नाटकं बघू शकत नाहीत, म्हणजे तुझी पट्टी गोठली. आणि ते भराभर फौज वाढवतायत. तुझ्या पूर्वेच्या सीमेवर त्यांचे घोडेस्वार उभे आहेत. हे सगळं तुला दिसतंय ना? चष्म्याचा नंबर तपासलास का?

घुम्या


६ मार्च

चि. घुम्यास,

आशीर्वाद.

चष्मा ठीक आहे. घोडेस्वार दिसतायत. त्यांच्या शेपट्यासुद्धा दिसतायत.

इथे रोज संध्याकाळचा डाव म्हणजे जत्रा झालीये. वर्तमानपत्राच्या टेबलाशी बसणारे आमचे कॅप्टन (फौजेतून निवृत्त झाले, पण फौज त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही) माझ्या मागे उभे राहून तळमळतात. "बाई, निदान इथे चार धनुर्धारी ठेवा! बाई, ही टेकडी मोकळी सोडू नका!" मी म्हटलं, कॅप्टनसाहेब, तुमच्या नावाचं गाणं काढलंय, त्यावर समाधान माना. त्यावर त्यांना खोकला आला आणि सगळे हसले. मग ते रुसून कोपऱ्यात जाऊन बसले.

तू विचारलं नाहीस तरी लायब्ररीची खबर सांगते. पलीकडच्या गल्लीतला तो दातांचा डॉक्टर आठवतो? पुस्तकं नेतो आणि परत म्हणून करत नाही. कित्येक वर्षं मी त्याच्या नावाने बोटं मोडली. तो ती स्वतः वाचतही नाही. पेशंट बसतात त्या बाकावर ठेवून देतो. परवा गाल सुजलेला एक माणूस आला, तोंडातल्या तोंडात म्हणाला, "तिथे अर्धं वाचून झालं आणि माझा नंबर लागला. पुढचं इथे मिळेल का?" सभासद करून घेतला. असे तिकडून आलेले सभासद आता माझ्याकडे बरेच झालेत. हल्ली मी डॉक्टरला पुस्तकं परत मागतच नाही.

खेळाचं म्हणशील तर या आठवड्यात मी थोडी आवराआवर केली. राजधानीत खूप चित्रं कोंदून पडली होती, ती सगळी काढून पूर्वेच्या सीमेवरच्या शहरात नेऊन लावली. तिथे उजेड चांगला आहे.

तुझ्या साहेबांना नमस्कार सांग. शत्रू असले म्हणून काय झालं, रीत पाळावी.

आत्या


२२ मार्च

ती. आत्यास,

आज नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवतो.

पूर्वेचं शहर पडलं. पडलं कसलं, उघड्या दारातून ते आत आले. तू राज्यातली सगळी उत्तमोत्तम चित्रं नेमकी तिथेच नेऊन ठेवली होतीस. आत्या, नवशिकं मूलही असं करत नाही! साहेबांनी ती सगळी उचलून आपल्या राजधानीतल्या संग्रहालयात लावली. खेळात ही लूट त्यांनीच हट्टाने घालून घेतली होती. लुटलेली वस्तू राजधानीत लावली की वैभवाचे गुण मिळतात, म्हणून. आज त्यांनी ऑफिसात सगळ्यांना वडे काढावेत तसं एकेक चित्र काढून दाखवलं. 'भिंतीची ओल' त्यांच्या सिंहासनामागे टांगलंय.

आणि त्यानंतर तू काय केलंस, तर उरलेली चित्रं उचलून पुढच्या शहरात नेलीस! तेही आता त्यांच्या वाटेवरच आहे!

मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती, ती आता सांगतो. नुसती वाट जाणार नाही. वाट गेली की मीही जाणार. माझ्याकडे दुसरं कुठलं काम नाही आणि साहेबांनी तसं स्पष्ट सांगितलंय, "वाट नाही तर वाटाड्या कशाला?" तुझ्या जिवाला घोर नको म्हणून आधी बोललो नाही. बाबांना तर काहीच सांगितलेलं नाही. ते इतकी वर्षं म्हणतायत की हा पोरखेळ आहे, यावर पोट भरत नाही. त्यांना आता मी काय तोंड दाखवू?

तुझ्या तिजोरीत सोनं आहे. अजूनही भाडोत्री फौज उभी करता येईल. डोंगराच्या खिंडीत चार तुकड्या ठेवल्यास तर ते महिनाभर अडकतील. हट्ट सोड. मी तुझ्या पाया पडतो. जिंकायचं राहू दे, निदान लवकर हरू नकोस.

घुम्या


२६ मार्च

घुम्या,

तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

फौज उभी करणार नाही.

तुझी नोकरी जाणार हे आधी सांगायला हवं होतंस. माझ्यापासून लपवून तू माझ्या जिवाचा घोर वाचवलास असं तुला वाटतं? मी काय मेणाची आहे? पण आधी सांगितलं असतंस तरी मी हेच केलं असतं, हेही ऐकून ठेव. तूच सांगितलंस ना, की ही वाट खरी आहे, शोभेची नाही? मग संकट दिसलं की ती सोडायची आणि भाड्याचे सैनिक आणायचे, तर साहेब काय चुकीचं म्हणत होते? मग काढून टाक की ती वाट. तुझ्याच हाताने काढ.

कारण विचारू नकोस. तुला सांगितलं तर तुझ्या तोंडावर ते लगेच उमटेल, आणि तू रोज त्या माणसाच्या खुर्चीमागे उभा असतोस. लहानपणी लाडू खाल्लास की तुला विचारावंसुद्धा लागायचं नाही.

दादाला काय तोंड दाखवू म्हणतोस. आहे तेच दाखव. त्याने स्वतः आयुष्यभर न आवडणारं काम केलं आणि त्याचा राग तुझ्यावर काढला. मी त्याची सख्खी बहीण आहे, मला सांगू नको. नोकरी गेली तर इथे ये. पुस्तकांना पुठ्ठे चढवायला माणूस हवाच आहे. पण शेपूट घालून आलास तर दारातून परत पाठवीन.

आत्या


१७ एप्रिल

आत्या,

अगं आत्या!

घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर सांभाळून घे. तुला निकाल माहीतच आहे, तुझ्याच पडद्यावर लागला. पण इकडे काय झालं ते तुला कोण सांगणार? म्हणून सगळं सांगतो.

तुझी दोनच शहरं उरली होती. साहेबांनी आदल्या दिवशीच मला खुणेने सांगून ठेवलं होतं की टेबल आवरायला घ्या. मी खोकं आणलंसुद्धा होतं. ऑफिस झाडून सगळं मागे उभं. साहेबांनी घोडेस्वार तुझ्या शेवटून दुसऱ्या शहरात घातले. लूट झाली. 'कॅप्टनचा खोकला'ची मूळ वही आणि तुझी तीन नाटकं गाड्यांत भरून त्यांच्या राजधानीत आली. त्यांनी पाळी संपवायचं बटण दाबलं. आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, की डाव संपला, समोरच्या राज्याचा सांस्कृतिक विजय झाला.

मागचा सगळा घोळका पडद्याजवळ सरकला.

साहेबांनी झालर म्हणून बंद केलेली पट्टी उघडली. त्यांच्याच राज्यातल्या निम्म्याहून जास्त माणसांना तुझी ओढ लागली होती! आत्या, तो नियम माझाच आहे. कलाकृती कुठेही टांगा, ओढ ती घडवणाऱ्या राज्याचीच. मी तो लिहिला तेव्हा खेळात लूट नव्हतीच. लूट नंतर आली, दुसऱ्याने बसवली, आणि दोन्ही एकत्र आल्यावर काय होईल हे आमच्यापैकी कुणी पाहिलंच नाही. तू सीमा ओलांडल्याच नाहीस. त्यांच्याच बैलगाड्यांनी तुझं सगळं त्यांच्या चौकात वाहून नेलं!

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. साहेब उठले. चेहरा पडला होता, पण आवाज तोच. "ही नियमांतली चूक आहे. पळवाट आहे. सोमवारपर्यंत दुरुस्त करा, आणि वाटही काढा. चुकीवर जिंकलेला डाव मी मानत नाही."

आणि मी म्हणालो, "नाही."

पहिल्यांदा ते मला स्वतःलाच ऐकू आलं नसावं, म्हणून पुन्हा म्हणालो. "नाही काढणार. चूक नाही ती. लुटून आणलेलं चित्र बघायला माणसं जमतात ती चित्रासाठी, लुटणाऱ्यासाठी नाही. तुम्ही स्वतः गेला महिनाभर रोज पाळी संपली तरी त्या संग्रहालयात रेंगाळत होता, मी मागे उभा राहून पाहिलंय. तुम्ही शब्द दिला होतात, जिंकल्या तर वाट राहील. तुम्हाला काढायची तर तुम्ही काढा. मी हात लावणार नाही आणि कुणाला लावूही देणार नाही."

ते म्हणाले, "तर मग उद्यापासून येऊ नका." मी म्हणालो, "बरं." चित्रं काढणारी मुलगी म्हणाली, "मग माझीही वाट बघू नका." आणि तिच्यामागे आणखी दोघं. साहेब आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

मी घरी येऊन बसलोय. पुढे काय होणार ते माहीत नाही. भीती वाटतेच, पण आत्या, भूकही सपाटून लागलीये. बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तुझ्या आत्याने खरंच एकही शिपाई ठेवला नव्हता?"

तुझा


२१ एप्रिल

चिरंजीवास,

यापुढे तुला घुम्या म्हणायचं नाही असं ठरवलंय. दुसरं काही सुचेपर्यंत नुसतं चिरंजीव चालवून घे.

तुझं पत्र मी लायब्ररीत मोठ्याने वाचून दाखवलं. 'नाही' शब्द आला तिथे कॅप्टन उभे राहिले. फौजी माणूस, भारावला की उभा राहतो. मग म्हणाले, "बाई, मी असं युद्ध पाहिलेलं नाही." मी म्हटलं, पाहिलं असतंत तर एवढे खोकला नसतात.

तुला वाटत असेल आत्या मोठी धोरणी. काही नाही रे. मागल्या वर्षी माझं बंदर लुटलं गेलं तेव्हा पट्टी एवढीशी पुढे सरकलेली दिसली होती, आणि मला आपला तो दातांचा डॉक्टर आठवला. एवढ्यावर मी तुझी नोकरी पणाला लावली. ते मार्चमधलं पत्र पेटीत टाकून आले आणि ताट तसंच झाकून ठेवलं. दुसरं शहर पडलं तेव्हा पट्टी सरकली, पण तिसऱ्याला सरकता सरकेना. सोनं मोजलं. भाडोत्री फौजेच्या खुणेवर बोटसुद्धा ठेवलं होतं. कॅप्टन मागून "दाबा, बाई, दाबा" करत होते. ते ओरडले म्हणूनच बोट उचललं, असं वाटतं. माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे.

तू शब्दाला जागलास याचा मला किती आनंद झालाय हे लिहायला जावं तर डोळ्यांना पाणी येतं आणि शाई फुटते. तेव्हा एवढंच पुरे.

नोकरीचं काय झालं ते ताबडतोब कळव. पुठ्ठे आणून ठेवलेत.

आत्या


१२ मे

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. खोलीतली खुर्ची बाहेर काढून घातला.

पुठ्ठे परत कर. नोकरी राहिली आहे, आणि वाटही राहिली आहे. आम्ही चौघं जाणार हे ऐकून मालकांनी साहेबांना बोलावून घेतलं, आणि तो डाव सगळ्या ऑफिसच्या तोंडी झालेला होताच. पण साहेबांनी दोन गोष्टी पदरात पाडून घेतल्या. एक म्हणजे मला तिथून हलवलं. आता मी तोफांच्या विभागात आहे. तोफ उडाल्यावर जो धूर निघतो तो माझ्याकडे दिलाय. प्रामाणिकपणे करतोय, चांगला होतोय.

दुसरी गोष्ट तुला आवडणार नाही. खेळ संपल्यावर तो बनवणाऱ्यांची नावं येतात, त्यातून माझं नाव काढणार आहेत. शांततेच्या वाटेखाली आता साहेबांचं नाव येईल. मला विचारलं होतं. म्हणाले, नाव हवं की वाट हवी, ते ठरवा.

मी म्हणालो, वाट ठेवा.

बाबा ऐकून संतापले. माझ्यावर नाही, साहेबांवर! आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या बाजूने कुणावर तरी ओरडले. त्यामुळे मला तसं वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं. संध्याकाळी घरी येताना वाटलं. पण तू काही करू नकोस. साहेबांना पत्रबित्र लिहू नकोस, ही विनंती.

तुझा


२ सप्टेंबर

चिरंजीवास,

अनेक आशीर्वाद.

साहेबांना पत्र लिहिलेलं नाही. तू नको म्हणालास, मी ऐकलं. त्या माणसाला लिहिण्याइतकी शाई स्वस्त झालेली नाही.

नवी आवृत्ती गेल्या आठवड्यात आली. शेवटची नावं आधी बघून घेतली. तुझं नाही. अंगाचा तिळपापड झाला. चहा केला, तो तसाच गार होऊन गेला. तू 'थोडं वाईट वाटलं' असं लिहिलंस, ते वाक्य मी इतके महिने उशाशी घेऊन झोपतेय. तुझं थोडं म्हणजे किती, हे मला ठाऊक आहे.

मग नवा डाव मांडला. सुरुवातीला खेळ विचारतो, तुमच्या राज्याचं नाव काय? मी तुझं नाव घातलं. पूर्ण. दादाच्या नावासकट, आडनावासकट. जिंकलं की ते पडद्यावर केवढ्या मोठ्या अक्षरांत येतं हे तुला माहीतच आहे, ती अक्षरं तूच बसवलीस. कॅप्टननी घरी जाऊन तेच नाव घातलं. दादाने काल फोन करून स्पेलिंग विचारलं, स्वतःच्याच मुलाच्या नावाचं! तोही खेळायला बसलाय, काय सांगू तुला. सभासद होणाऱ्या प्रत्येकाला मी आता हा खेळ शिकवते आणि पहिल्या चौकटीत काय लिहायचं ते शेजारी उभी राहून लिहून घेते.

माझ्या राज्यात आज तीन गावं आहेत, एक गवई आहे, आणि सैनिक एकही नाही. सीमा सताड उघड्या ठेवल्यात. येऊ देत कोण नाव पुसायला येतो ते.

आत्या